रोजचा परिपाठ आणि लोकांचे काम

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



चांगल्या सवयींविषयीचे बोलणे बहुधा पहाटे उठण्यापासून सुरू होते आणि तेथेच संपते. पहाटे उठणे चांगलेच. परंतु या सभागृहात जमलेल्या मंडळींच्या सवयींचा प्रश्न त्यांच्या घरापुरता उरत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज घेऊन तालुक्याच्या गावी येणारी एखादी विधवा त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेली असते. "पुढच्या आठवड्यात या" एवढे तीन शब्द ऐकून ती परत फिरते, तेव्हा आणखी एका दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे जाण्यायेण्याचे भाडे तिच्या खात्यावर पडते. तिचे काम नेहमी नियमात अडकलेले असते असे नाही. पुष्कळदा तिचा कागद ढिगात कोठे तरी असतो, आणि तो ढीग रोज उपसण्याची सवय त्या टेबलाला नसते.

सवय म्हणजे काय, याचा शास्त्रीय विचार जुना आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात सवयीला स्वतंत्र प्रकरण दिले. जे काम अंगवळणी पडते ते मनावर ओझे टाकत नाही आणि मन अधिक मोलाच्या कामाला मोकळे राहते, हे त्यांच्या विवेचनाचे सार होय. अलीकडच्या काळात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ व्यक्तींचा १२ आठवडे अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये छापून आले. प्रत्येकाने खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक साधी गोष्ट निवडावी आणि ती रोज त्याच प्रसंगी करावी, एवढेच त्यांना सांगितले होते. ती गोष्ट आपोआप घडू लागण्यास सरासरी ६६ दिवस लागतात असे दिसले. मात्र कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत २५४ दिवसांचा अंदाज निघाला. एकवीस दिवसांत सवय जडते, असे जे व्यासपीठावरून हमखास सांगितले जाते, त्याला या अभ्यासात आधार सापडत नाही. मधला एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात म्हणण्यासारखी बाधा येत नाही, हेही त्यात आढळले. संकल्प तिसऱ्या दिवशी मोडला म्हणून तो सोडून देणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

या अभ्यासातील "त्याच प्रसंगी" हे शब्द महत्त्वाचे आहेत. सवय इच्छाशक्तीपेक्षा खुणेवर अधिक चालते. याचे उत्तम उदाहरण दुर्दैवाने तंबाखूचे आहे. अकराचा चहा झाला की हात आपोआप चंचीकडे वळतो. त्यासाठी कोणाला निश्चय करावा लागत नाही. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पण चहानंतरची ती खूण कोणत्याही अधिसूचनेने पुसली जात नाही. त्या वेळी चंचीऐवजी बडीशेप हाताशी असली किंवा चहा घेऊन माणूस जागेवरून उठून दोन मिनिटे बाहेर फिरून आला, तर सुटण्याचा मार्ग निघू शकतो. वाईट सवयीची ही यंत्रणा चांगल्या सवयीलाही तशीच उपयोगी पडते.

कार्यालयांच्या बाबतीत महाराष्ट्राला बाहेर उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयाची जी फेरमांडणी केली, ती पुढे "लखिना पॅटर्न" म्हणून सर्वत्र ओळखली गेली. जुन्या अभिलेखांची वर्गवारी, कार्यालयाची नीटनेटकी मांडणी आणि येणाऱ्या नागरिकाला माहिती मिळण्याची सोय हा तिचा गाभा होता. महसूल कार्यालयांत आणि जिल्हा परिषदांत परिचित असलेली सहा गठ्ठे पद्धत हीदेखील याच विचाराची. चालू प्रकरणे, दुसऱ्या कार्यालयाच्या उत्तराची वाट पाहणारी प्रकरणे, नियतकालिक अहवाल, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे कागद, अशी प्रत्येक टेबलाची सहा गठ्ठ्यांत विभागणी होते. अभिलेखांत "अ" वर्गाचे कागद कायम, "ब" वर्गाचे ३० वर्षे, "क" वर्गाचे १० वर्षे, "क-१" वर्गाचे ५ वर्षे आणि "ड" वर्गाचे १ वर्ष जपावयाचे असतात.

हे सारे येथे बसलेल्या लिपिकवर्गाला तोंडपाठ असेल. अडचण ज्ञानाची नाही. तपासणीचा दिनांक कळला की आठवडाभर दिवे जळतात, गठ्ठे बांधले जातात, चिठ्ठ्या चिकटतात; तपासणी आटोपली की पुढील तपासणीपर्यंत सहाचा एकच गठ्ठा होतो. वर्षातून एकदा केलेली साफसफाई हा समारंभ असतो, सवय नव्हे. तोच कागद रोज निघण्यापूर्वीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत योग्य गठ्ठ्यात गेला आणि कार्यविवरण नोंदवहीत त्याची नोंद झाली, तर तपासणीचा आठवडा इतर आठवड्यांसारखाच जातो. येथे खूण कोणती? टपालाची शेवटची फेरी, चहाचा शेवटचा कप, खिडकी लावण्याचा आवाज, जी रोज न चुकता घडते ती. "वेळ मिळेल तेव्हा" ही खूण होऊ शकत नाही, कारण ती वेळ कधी येत नाही. राज्य शासनाच्या कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला आणि कामाची वेळ सायंकाळी सव्वासहापर्यंत वाढली. त्या वाढीव वेळेतील शेवटची पंधरा मिनिटे टेबलासाठी राखणे अवघड नाही.

२००५ च्या अधिनियमाने, ज्याला बोलीत दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात, कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये असे सांगितले आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने नागरिकाला ठरावीक मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क दिला. मुदत कायदा ठरवितो. सातव्या दिवशी नस्ती हातात घेण्याऐवजी दुसऱ्याच दिवशी घ्यावी, हे मात्र कोणताही कायदा शिकवू शकत नाही. संगणकावरील नस्तीची गोष्ट थोडी निराळी आहे. कागदाचा ढीग निदान डोळ्यांना दिसत असे आणि वरिष्ठांनाही टोचत असे. पडद्यामागचा ढीग कोणालाच दिसत नाही, म्हणून तो रोज ठरल्या वेळी उघडून पाहण्याची सवय अधिकच निकडीची झाली आहे.

शाळेत "परिपाठ" हा शब्दच रोजचा आहे. प्रार्थना, बातम्या, सुविचार हे क्रमाने होते. त्याच काटेकोरपणाने मध्यान्ह भोजनापूर्वी मुलांचे हात साबणाने धुतले जातात का, हा प्रश्न मुख्याध्यापकांनी स्वतःला विचारावा. हात धुण्याचा तक्ता भिंतीवर असतो. नळाजवळ साबण असतोच असे नाही. १५ ऑक्टोबर या जागतिक हात धुवा दिनी छायाचित्रे निघतात आणि १६ ऑक्टोबरला साबण संपलेला असतो. सवय लावावयाची तर वस्तू जागेवर हवी. ताटांची रांग नळावरूनच पुढे जाईल अशी मांडणी केली, तर शिक्षकाला रोज ओरडावे लागणार नाही, आणि मूल घरी गेल्यावरही जेवणापूर्वी पाणी मागेल.

गावाच्या बाबतीत संत गाडगेबाबांचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. दिवसा खराटा आणि रात्री कीर्तन, हा त्यांचा क्रम होता. कीर्तनाला माणसे जमण्याआधी गाव झाडून निघालेले असे. त्यांच्या नावाने २००० साली राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि अनेक गावांनी त्यातून खरोखरीच कात टाकली. तरीही काही गावांत समितीची जीप वळणाआड गेली की उकिरडा पूर्ववत जागेवर येतो, हे पंचायत सदस्य अधिक चांगले जाणतात. शौचालय बांधणे अनुदानाने होते, वापरणे सवयीने होते. ज्या घरात पाणी दूरवरून डोक्यावर आणावे लागते, तेथे ही सवय स्त्रियांच्या कष्टावर उभी राहते; तेव्हा सवयीचा उपदेश करण्यापूर्वी पाण्याची सोय पाहणे हे पंचायतीचे काम ठरते.

आता थोडे कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या प्रकृतीविषयी. साचलेले काम नागरिकाला जितके छळते तितकेच ते करणाऱ्यालाही छळते. रविवारी दप्तर घरी नेणारा माणूस ना काम करतो, ना विसावा घेतो. प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे; म्हणजे पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे. त्यासाठी वेळ नाही म्हणणाऱ्यांनी महर्षी धोंडो केशव कर्वे यांची आठवण करावी. फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे अध्यापन आटोपून ते पायी हिंगण्याच्या आश्रमाकडे जात, पावसाळ्याच्या चिखलातूनही. व्यायाम म्हणून त्यांनी ते केले नाही. आश्रमात मुली होत्या आणि तेथे पोहोचणे आवश्यक होते, म्हणून केले. १८५८ साली जन्मलेले कर्वे १९६२ पर्यंत जगले. चालण्यानेच त्यांना आयुष्य लाभले, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण कामात गुंफलेली सवय टिकते, निव्वळ कामाबाहेरची सहसा गळून पडते, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

शेवटी बदलीचा मुद्दा. लखिना यांच्यानंतर अनेक कार्यालयांनी ती पद्धत उचलली, आणि अनेक ठिकाणी ती प्रमुखाबरोबरच निघूनही गेली. साहेब शिस्तीचे आहेत तोवर गठ्ठे सहा, पुढचे साहेब आले की पुन्हा एक. यास्तव ही सवय अधिकाऱ्याच्या नावावर न राहता टेबलाच्या नावावर राहावी, अशी योजना हवी. कार्यभार देताना केवळ किल्ल्या व नोंदवह्या नव्हे, तर प्रतीक्षाधीन गठ्ठ्यातील प्रत्येक प्रकरण कोणत्या कार्यालयाच्या उत्तरासाठी थांबले आहे आणि त्यांना शेवटचे स्मरणपत्र केव्हा गेले, हे लिहून द्यावे. म्हणजे सोमवारी रुजू झालेला नवा लिपिक मंगळवारी खिडकीशी आलेल्या त्या बाईंना त्यांचा अर्ज कोठे आहे, ते गठ्ठा न उपसता सांगू शकेल.