कडेचे प्यादे आणि मधली घरे



आमच्या जंगलभागात पहाटे मोहफुले वेचायला निघालेल्या माणसाच्या कानावर वानराचे खेकसणे आले, तर तो पळत सुटत नाही आणि आवाजाच्या दिशेने धावतही नाही. जागीच थांबतो, चहूकडे पाहतो आणि मगच पाऊल उचलतो. आज मी सांगणार आहे ती गोष्ट बुद्धिबळाची. पण शहाणपण हेच. घरी पट असेल तर मांडून बसा. नसेल तर कोळशाने चौसष्ट घरे आखा. प्याद्यांच्या जागी खडेही चालतील.

काही वर्षांपूर्वी चंद्रपूरला शाळकरी मुलांच्या सामन्यांना मी हजर होतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेची मुलगी काळी मोहरी घेऊन बसली होती. समोरच्या पोराने पहिल्याच चालीला राजाच्या घोड्यापुढचे प्यादे दोन घरे पुढे ढकलले. मुलगी गोंधळली. पाचसात चालींत तिचा कोपऱ्यातला हत्ती गेला, आणि पुढे डावही गेला. बाहेर येऊन ती मला म्हणाली, "सर, त्याच्या पुस्तकात होतं. आमच्याकडे पुस्तक नाही." मी म्हटले, "मग पुस्तक आणून पाठ कर." आज वाटते, माझे उत्तर तिच्या चालीपेक्षाही चुकीचे होते.

ती चाल पुस्तकात आहे, हे खरे. स्वित्झर्लंडच्या हेन्री ग्रोब यांच्या नावाने ती ओळखली जाते. पण तिला उत्तर द्यायला पुस्तक लागत नाही. तीन प्रश्न पुरेत. या चालीने काय साधले? काय उघडे पडले? आणि मधली चार घरे कोणाची?

आता पाहा. त्या चालीने उंटाला वाट झाली, एवढेच साधले. उघडे मात्र पुष्कळ पडले. राजाजवळची भिंत मोडली. पांढऱ्याने राजाशेजारच्या उंटापुढचे प्यादे एक घर आणि घोड्यापुढचे दोन घरे सरकवले, आणि मधे काळ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे घेतले असेल, तर काळ्याचा वजीर दुसऱ्याच चालीला मात करतो. मांडून पाहा. आणि मधली घरे? ती तर मोकळीच आहेत!

म्हणून काळ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे घ्यावे. मध्यात पाय रोवला जातो, आणि वजिराशेजारच्या उंटाची नजर थेट त्या पुढे आलेल्या प्याद्यावर पडते. आता पांढरा आपला उंट घोड्यापुढच्या रिकाम्या घरात आणतो आणि प्यादे तसेच सोडतो. इथेच मन चळते. आमच्या मुलीने ते प्यादे मारले. पांढऱ्याने वजिराकडच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे टाकून तिच्या मधल्या प्याद्याला डिवचले. तिने तेही मारले, आणि पांढऱ्या उंटाची तिरकी वाट मोकळी झाली. तो थेट तिच्या वजिराकडच्या घोड्यापुढच्या प्याद्यावर आला. मागे कोपऱ्यात हत्ती!

सोपी वाट वेगळीच आहे. फुकटचे प्यादे क्षणभर राहू द्या. वजिराकडच्या उंटापुढचे प्यादे एकच घर सरकवून मधल्या प्याद्याला आधार द्या. पांढऱ्याला आता आपले प्यादे सांभाळावे लागते. त्याने हत्तीपुढचे प्यादे एक घर सरकवून आधार दिला, की तुम्ही राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे घ्या. मध्य तुमचा झाला. मग घोडे बाहेर काढा आणि किल्लेकोट करा.

मात्र विचित्र चालीला हसू नका. १९८० साली स्वीडनमधल्या स्कारा गावी इंग्लंडच्या टोनी माइल्सने जगज्जेत्या कारपॉव्हला पहिले उत्तर दिले ते वजिराकडच्या हत्तीपुढचे प्यादे एक घर सरकवून. कारपॉव्हला मध्यात जागा आयतीच मिळाली. तरी डाव माइल्सने जिंकला. कारण एका चालीने डाव संपत नसतो. २०१७ साली प्रसिद्धीस आलेला अल्फाझीरो हा संगणकही कडेचे प्यादे पुढे रेटून जिंकताना दिसला. मध्य पक्का असेल, तर कडेची चढाई फळते. तो नसेल, तर उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग!

शिक्षकांना एक विनंती. वर्गात पोट्टे विचित्र चाल खेळले, तर "असं खेळत नाहीत" एवढे म्हणून थांबू नका. का खेळत नाहीत, ते त्यालाच पटावर शोधू द्या. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तो अंतिम फेरीत कोनेरू हंपीसारख्या अनुभवी खेळाडूला हरवून. तिने पुष्कळ अभ्यास केला, यात शंका नाही. पण जिथे पाठ केलेले संपते, तिथून पुढे प्रत्येकाला स्वतःच्याच डोळ्यांनी पाहावे लागते.

त्या मुलीची पुन्हा भेट झाली नाही. आज ती कुठे ऐकत असेल, तर तिला एवढेच सांगायचे आहे: बाई, तुझ्याकडे पुस्तक नव्हते म्हणून तू हरली नाहीस. तू थांबून पाहिले नाहीस. आणि थांबून पाहणे, ते तर तुझ्या गावच्या माणसांनीच आम्हाला शिकवले आहे.