घामाचा वास : कारणे आणि उपाय



बंगळूर नगराचा आणि सुगंधाचा संबंध शंभराहून अधिक वर्षांचा आहे. पहिल्या महायुद्धामुळे म्हैसूर संस्थानातील चंदनाचे लाकूड जर्मनीस जाणे थांबले आणि साठलेल्या लाकडाचे काय करावे, असा प्रश्न संस्थानापुढे उभा राहिला. महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार यांचे दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आणि उद्योगखात्याचे संचालक आल्फ्रेड चॅटर्टन यांनी चंदनाचे तेल संस्थानातच काढण्याचे ठरविले. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील सडबरो व वॉटसन या रसायनशास्त्रज्ञांचे या कामी साहाय्य झाले. १९१६ साली म्हैसूर येथे तेलाचा कारखाना निघाला आणि त्यानंतर लवकरच बंगळूर येथे सरकारी साबण कारखाना उभा राहिला. साबण तयार करण्याचे शास्त्र शिकण्यासाठी सोसले गरळपुरी शास्त्री यांना इंग्लंडला पाठविण्यात आले होते. त्यांच्या परिश्रमातून जो साबण निर्माण झाला, तो मैसूर सँडल या नावाने आजही घरोघरी परिचित आहे. १९८० साली या उद्योगाचे कर्नाटक सोप्स अँड डिटर्जंट्स या सरकारी कंपनीत रूपांतर झाले.

या साबणाची कीर्ती झाली ती त्याच्या सुवासामुळे. तथापि अंगाचा वास घालविण्याचे काम त्यातील चंदनापेक्षा साबणाने व पाण्यानेच अधिक केले आहे. हा भेद ध्यानात आला म्हणजे आजच्या बाजारात मिळणाऱ्या असंख्य दुर्गंधनाशकांपैकी कोणते घ्यावे, हा प्रश्न बराच सुलभ होतो.

प्रथम घाम म्हणजे काय ते पाहू. मनुष्याच्या त्वचेत वीस ते चाळीस लक्ष स्वेदग्रंथी असतात. त्यांतील बहुसंख्य ग्रंथींतून पाणी व थोडे मीठ बाहेर पडते. ते वाळताना शरीर थंड होते. हा घाम जवळजवळ गंधहीन असतो. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी मुख्यतः काखेत व जांघेत असतात आणि वयात येण्याच्या सुमारास त्या कार्य करू लागतात. त्यांच्या स्रावात स्निग्ध पदार्थ व प्रथिने असतात. बाहेर पडताना या स्रावालाही विशेष वास नसतो. त्वचेवर कायमची वस्ती करून असलेले काही जीवाणू त्याचे विघटन करतात आणि त्यातून उग्र वासाची आम्ले व गंधकयुक्त द्रव्ये निर्माण होतात. भीती किंवा मनावरील ताण यांनीही या ग्रंथी चेतविल्या जातात. म्हणूनच परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या दिवशी, हवा थंड असूनही, काखेला वास येतो.

वास कमी-अधिक असणे हा केवळ स्वच्छतेचा प्रश्न नव्हे. पूर्व आशियातील बहुसंख्य लोकांत एका विशिष्ट जनुकाचे निराळे रूप आढळते व त्यामुळे त्यांच्या काखेला फारच थोडा वास येतो. याचाच अर्थ असा की, नित्य स्नान करणाऱ्या एखाद्या मनुष्याच्या अंगालाही वास येऊ शकतो आणि त्यात त्याचा काही अपराध नसतो.

दुर्गंधीवरील उपाय भारतीयांना नवे नाहीत. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत सुगंधी द्रव्ये सिद्ध करण्याविषयी गंधयुक्ती नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. दिवाळीचे उटणे आणि न्हाव्याच्या पेटीतील तुरटीचा खडा हे तर सर्वांच्या माहितीचे आहेत. बाटलीबंद उपाय मात्र पाश्चात्त्य देशांतून आले. अमेरिकेत १८८८ साली मम नावाचे मलम निघाले आणि १९०३ च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या क्षारांचा उपयोग करणारे द्रव्य विक्रीस आले. ते फारसे कोणी घेत नसे, कारण आपणांस त्याची गरज आहे असे लोकांना वाटत नव्हते. १९१९ साली ओडोरोनो या द्रव्याची एक जाहिरात अमेरिकेतील स्त्रियांच्या मासिकात प्रसिद्ध झाली. आपल्या अंगाला वास येतो हे आपल्यालाच कळत नाही आणि लोक तोंडावर सांगत नाहीत, असा तिचा आशय होता. अनेक वाचक स्त्रियांनी संतापून मासिकाची वर्गणी बंद केली. परंतु द्रव्याचा खप वाढला. तेव्हापासून या व्यापाराने सुगंधाबरोबर संकोचाचीही विक्री चालविली आहे. घेणाऱ्याने प्रथम हा संकोच बाजूस ठेवावा आणि मग विचार करावा.

बाजारातील द्रव्ये दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार दुर्गंधनाशक, म्हणजे डिओडरंट. ते जीवाणूंची वाढ रोखते किंवा सुवासाने वास झाकते. घाम थांबवीत नाही. दुसरा प्रकार स्वेदरोधक, म्हणजे अँटिपर्स्पिरंट. यातील ॲल्युमिनियमचे क्षार स्वेदग्रंथींच्या मुखाशी तात्पुरते बूच तयार करतात व घामाचे प्रमाण घटवितात. तेव्हा त्रास वासाचा आहे की ओलेपणाचा, हे आधी ठरवावे. कपडे कोरडे राहूनही वास येत असेल तर पहिला प्रकार पुरेसा आहे. सदऱ्यावर घामाचे डाग पडत असतील तर दुसरा घ्यावा. आपल्याकडे ज्याला बॉडी स्प्रे म्हणतात, त्यात बहुधा मद्यार्क, सुवासिक द्रव्य आणि फवारा उडविणारा वायू एवढेच असते. मद्यार्क काही जीवाणू मारतो खरा, पण तो लवकर उडून जातो. डब्यावर घटकद्रव्यांची यादी छापलेली असते. तीत ॲल्युमिनियमचा क्षार नसेल तर ते द्रव्य घाम रोखणार नाही, हे निश्चित समजावे. तुरटी हाही ॲल्युमिनियमचाच क्षार असल्याने, तुरटीच्या कांडीवर ॲल्युमिनियमरहित असे लिहिलेले आढळल्यास ते दिशाभूल करणारे होय.

अठ्ठेचाळीस तास टिकणारे, अशी ग्वाही अनेक डब्यांवर असते. अशा वेळी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अमेरिकेतील औषध नियंत्रण खात्याच्या नियमाप्रमाणे, चाचणीतील निदान निम्म्या लोकांचा घाम कमीत कमी २० टक्क्यांनी घटला, तर त्या द्रव्यास स्वेदरोधक म्हणता येते. घाम पूर्णपणे थांबविण्याचे वचन त्यात नाही. टिकाऊपणा पुष्कळसा लावण्याच्या रीतीवर अवलंबून असतो. स्वेदरोधक रात्री निजण्यापूर्वी, पूर्ण कोरड्या काखेत, पातळसे लावावे. रात्री घाम कमी येत असल्याने क्षार जागी बसतात आणि सकाळच्या स्नानानंतरही त्यांचा परिणाम राहतो. घाईघाईने ओल्या अंगावर लावल्यास ते वाहून जातात व त्वचेची आग होते. केस काढल्यानंतर लगेच कोणतेही द्रव्य लावू नये. खाज किंवा पुरळ उठल्यास वापर थांबवावा. पुष्कळदा दोष सुवासिक द्रव्याचा असतो आणि सुवासरहित प्रकार मानवतो. खाण्याचा सोडा काहीजण वापरतात, परंतु त्यानेही त्वचा लाल होते.

या क्षारांमुळे स्तनाचा कर्करोग होतो अशी भीती अनेकांना वाटते. आजवरच्या संशोधनातून तसा संबंध सिद्ध झालेला नाही. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांचा सल्ला घेऊनच स्वेदरोधक वापरावे.

द्रव्याइतकेच महत्त्व कपड्यांना आहे. पॉलिएस्टरच्या धाग्यात हा वास सुती कपड्यापेक्षा अधिक धरून राहतो. म्हणून धुतलेला सदराही तासाभरात पुन्हा वास देऊ लागतो आणि दोष अंगाला दिला जातो. सुती कपडे वापरणे, काखेचा भाग साबणाने चोळून धुणे व उन्हात वाळविणे, एवढ्याने पुष्कळांचे काम भागते. काही प्रसंगी मात्र वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. स्वस्थ बसले असताही घामाने तळहात किंवा कपडे भिजणे, अंगाचा वास एकाएकी बदलणे, घामाला माशांसारखा अथवा श्वासाला फळासारखा गोडसर वास येणे, ही लक्षणे दिसल्यास सुवासाने ती झाकीत बसू नये. मधुमेह बळावल्याची खूण श्वासाच्या वासातून मिळू शकते.

शेवटी एका गोष्टीचा उल्लेख करावयास हवा. सर्वांत प्रभावी व सर्वांत स्वस्त उपाय साबण आणि पाणी हा होय, असे वर सांगितले. परंतु पाणी सर्वांना सारखे मिळत नाही. बंगळूरला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून पंपांनी चढवून आणावे लागते. मार्च २०२४ मध्ये या नगरात अशी टंचाई निर्माण झाली की, पिण्याच्या पाण्याने मोटारी धुण्यास बंदी घालण्यात आली व ती मोडणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठरविण्यात आला. अशा दिवसांत ज्या वस्तीत टँकर येतो, तेथील शिवणकारखान्यात जाणाऱ्या स्त्रीला किंवा इमारतीवर विटा वाहणाऱ्या मजुराला दोन वेळा स्नान कोठून घडणार? बसमध्ये त्यांच्या शेजारी बसणारा नाकाला रुमाल लावतो. त्या रुमालाला लागलेले अत्तर त्याने विकत घेतलेले असते. त्या मजुराला पुरेसे पाणी मिळण्याची सोय मात्र कोणा एकट्याला विकत घेता येत नाही, ती सर्वांनी मिळून करावयाची असते.

म्हणून दुर्गंधनाशक अवश्य निवडावे, ते आपल्या गरजेप्रमाणे व डब्यावरील यादी वाचून निवडावे. आणि दुसऱ्याच्या घामाविषयी मत बनविण्यापूर्वी त्याच्या नळाला पाणी येते की नाही, याचीही चौकशी करावी.