बाबाबा कसोटी आणि चहाचं टेबल

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला अमेरिकेतल्या संगणक क्षेत्राबद्दल बोलायला सांगितलं होतं. त्यांची क्षमा मागून मी एका टेबलाबद्दल बोलणार आहे.

आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. गाडीमागे ओढायचा एक छोटा कॅम्पिंग ट्रेलर आमच्याकडे आहे. आत जेमतेम झोपण्यापुरती जागा. स्वयंपाक बाहेर, उघड्यावर. शेगडीसाठी दाराशी टेबल हवं म्हणून मी घरीच एक केलं. चार सरळ पाय, वर प्लायवूड. इंजिनिअर ना मी! खरं तर कॉलेजच्या वर्कशॉपमधला माझा लाकडाचा जॉब तिथल्या मामांनीच पुरा करून दिला होता.

त्या उन्हाळ्यात बाबा आले होते. वय ७६. योसेमिटीजवळ मुक्काम होता. सकाळी चहाचं आधण उकळत होतं. खुर्चीतून उठताना बाबांनी टेबलावर हात टेकला. टेबल कललं आणि उकळतं पाणी त्यांच्या पायापासून वीतभर अंतरावर सांडलं. "माझ्यामुळे तुझा चहा गेला गं," ते म्हणाले. चूक माझी, आणि वाईट त्यांना वाटत होतं. टेबल शेगडीचं वजन पेलतं, एवढंच मी पाहिलं होतं. बाजूने ढकलून पाहिलंच नव्हतं. रोज दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढणारी मी!

घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली आणि भूमितीच्या बाई आठवल्या. पक्ष, साध्य, सिद्धता. दोन पाय, वरची पट्टी, खालची पट्टी, असा चौकोन होतो. बाजूंची लांबी तीच ठेवूनही चौकोन कलू शकतो. पण कर्णाची एक पट्टी ठोकली की दोन त्रिकोण होतात, आणि तीन बाजू ठरल्या की कोनही ठरले. बाबाबा कसोटी! वर्गात या नावाला आपण किती हसायचो!

दुसरं प्रमेय पायांचं. तीन नैकरेषीय बिंदूंतून एकच प्रतल जातं, म्हणून तिपाई खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही. मात्र भार तीन पायांच्या बाहेर गेला तर ती उलटते. म्हणून वरचा भागही त्रिकोणी केला, पाय कोपऱ्यांत बसवले आणि जरा बाहेर फाकवले. सीडरच्या फळ्या घेतल्या. हलक्या, लवकर न कुजणाऱ्या. दोन फळ्यांत थोडी फट ठेवली, म्हणजे पाणी निथळतं आणि लाकडाला फुगायला जागा राहते. टेबल ट्रेलरला जोडलं नाही, कारण ट्रेलर स्प्रिंगवर असतो. आत कुणी पाय ठेवला की हलतो. या वेळी आधी ढकलून पाहिलं, मग वर बसूनही पाहिलं.

पुढच्या भेटीत बाबांनी त्यावर आधी एक हात टेकला, मग दुसरा, आणि सावकाश उठले. म्हणाले, "पक्कं आहे."

बाई, ही कसोटी मी दहावीत नुसती पाठ केली होती. समजली पंचेचाळिशीत. तेव्हा दिलेले मार्क मात्र परत घेऊ नका.