इंजिनाला जागे करताना

जुन्या लढाऊ विमानाचे इंजिन किल्ली फिरवली की सुरू झाले, असे कधी नव्हते. त्याला जागे करावे लागे. संगणकावर विमान उडवण्याचे जे 'फ्लाइट सिम्युलेटर' असतात, त्यांतल्या चांगल्यांनी ही सगळी यातायात मुद्दाम जपली आहे.

माझा भाचा 'डीसीएस वर्ल्ड'मध्ये ब्रिटिश स्पिटफायर सुरू करतो, तेव्हा मी शेजारी बसून पाहतो. आधी इंधनाचा कॉक उघडायचा. थ्रॉटल किंचित पुढे. मग हातपंपाने इंजिनात थोडे पेट्रोल सोडायचे. थंडी असेल तर जास्त वेळा, उकाडा असेल तर कमी. मॅग्नेटोचे खटके चालू करायचे. शेवटी स्टार्टर आणि बूस्टर कॉइल ही दोन बटणे एकदम दाबायची. पंखा अडखळत फिरतो, धूर निघतो आणि १२ सिलिंडरचे, २७ लिटरचे मर्लिन इंजिन धडधडू लागते. तरी उसंत नाही. तेल गरम होईपर्यंत थांबायचे. पण फार थांबले तर उभ्या विमानाच्या रेडिएटरला पुरेसा वारा मिळत नाही आणि इंजिन तापते. वृत्तातली एक मात्रा चुकली की ओळ लंगडते, तसेच हे.

"मामू, एका कळीवर हे सगळं आपोआपही होतं," भाचा सांगतो, "पण मग विमान आपलं वाटत नाही."

जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ ला तर बाहेरून हँडल मारून जड चाकाला वेग द्यावा लागे. सिम्युलेटरमध्येही ते काम जमिनीवरच्या मदतनिसाला सांगावे लागते. वैमानिकांची नावे इतिहासात राहिली. हँडल मारणाऱ्यांची फारशी कुणाला ठाऊक नाहीत. ते होते, एवढे तरी इथे कळते.

१९४० च्या 'बॅटल ऑफ ब्रिटन'मधले शेवटचे हयात वैमानिक जॉन हेमिंग्वे १७ मार्च २०२५ रोजी वयाच्या १०५ व्या वर्षी वारले. ते हरिकेन उडवत. त्यातही मर्लिनच असे. त्या लढाईत ही बटणे दाबणारा वैमानिक आता कुणी उरला नाही. उरला आहे तो क्रम, आणि घरोघरची मुले तो गिरवत आहेत.

फरक एकच. पडद्यावर इंजिन बंद पडले तर पहिल्यापासून सुरुवात करता येते. विशी-बाविशीतल्या त्या पोरांना ती सोय नव्हती. भाच्याने एवढे ध्यानात ठेवले, तर त्याचा खेळ नुसता खेळ राहणार नाही.