हात कोणी ठेवायचे?

(आपल्या साहाय्यकांच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला धडगाव भागातल्या कामाचा अहवाल द्यायला सांगितलं होतं. वसतिगृह, शिवणवर्ग, दवाखान्याच्या फेऱ्या हे सगळं छापील पुस्तिकेत आहे, आणि खजिनदारांनी आकडे माझ्यापेक्षा नीट मांडले आहेत. त्यामुळे माझी वीस मिनिटं मी एका प्रश्नाला देणार आहे. गेल्या पावसाळ्यात शहरातल्या एका मंडळीत उपासनेनंतर चहाच्या वेळी एका गृहस्थांनी तो मला विचारला. मंडळीचं नाव सांगत नाही, गृहस्थांचंही नाही. भले माणूस आहेत, दरवर्षी न चुकता देणगी देतात.

ते म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणता कायदा अन्यायाचा, जमीन मिळत नाही, वनखातं त्रास देतं. पण निवडून कोणी दिलं? त्यांनीच ना? कोंबडी आणि पाचशेची नोट घेऊन मत द्यायचं आणि मग रडायचं. ते आपण का निस्तरायचं?"

मला उत्तर सुचलं नाही. बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून कपात पडलं, आणि मी ते चमच्याने काढत बसले. आज उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

आमच्या एका पाड्यावर साठीच्या पुढची एक बाई आहे. डोंगराच्या उतारावर तिची अडीचेक एकर जमीन. ज्वारी, तूर, थोडी भगर. सासऱ्याच्या आधीपासून कसतात. वनखात्याच्या कागदावर ते 'अतिक्रमण'. सासऱ्याला आणि नवऱ्याला वेळोवेळी दंड झाला, त्याच्या पावत्या तिने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या. काहींना वाळवी लागली. गंमत बघा, ज्या पावत्यांनी त्यांना गुन्हेगार ठरवलं, त्याच आज जुन्या वहिवाटीचा पुरावा म्हणून चालतात. 

तिने दावा केला. ग्रामसभेने ठराव दिला. वरच्या समितीने दावा फेटाळला. उपग्रहाच्या चित्रात शेती दिसत नाही, असं कारण. तो कागद तिच्या हातात पडायला बरेच महिने गेले. मधल्या काळात निवडणूक आली, आणि एका उमेदवाराचा माणूस पाड्यावर येऊन सांगून गेला, हे बटण दाबा, पट्टा मिळेल. तिने दाबलं. पट्टा आला नाही, नकार आला. तो कागद मी तिला वाचून दाखवला तेव्हा तिने पावरीत मला विचारलं, ते मराठीत सांगते: "बाई, मी चुकीचं बटण दाबलं म्हणून गेलं का?"

ती खरंच विचारत होती. मतदान हा तिच्या लेखी एक अर्जच होता आणि तो भरताना आपल्या हातून चूक झाली, असं तिला वाटत होतं. शहरातले गृहस्थ आणि पाड्यावरची बाई, दोघांचं म्हणणं एकच. चूक तिची.

आता कायदा कुठून आला ते थोडक्यात पाहू. आपले साहाय्यक सगळ्या विचारांचे आहेत आणि मी कोणत्याही पक्षाची वकिली करायला उभी नाही. इंग्रजांनी १८६५ मध्ये पहिला वन कायदा केला, १८७८ मध्ये तो कडक केला, आणि १९२७ मध्ये आजही वापरात असलेला भारतीय वन कायदा आला. तेव्हा मताचा अधिकार मालमत्ता आणि कर यांवर मिळायचा. डोंगरातल्या माणसाकडे दोन्ही नव्हतं, मग त्याने कोणाला निवडून दिलं होतं? स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ३७२ व्या कलमाने जुने कायदे चालू राहिले, त्यात हाही राहिला. पुढे १९८० मध्ये वन संवर्धन कायदा झाला. सरकारं बदलत गेली आणि पाड्यावरचा माणूस अतिक्रमणकर्ताच राहिला.

डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला. त्याच्या प्रास्ताविकात, वनवासी जमातींवर ऐतिहासिक अन्याय झाला, अशा अर्थाची कबुली आहे. धर्मशास्त्राच्या डिप्लोमाच्या वर्गात पापकबुलीवर आम्हाला एक अख्खं सत्र होतं, पण सरकारी कायद्याच्या पहिल्याच पानावर कबुली सापडेल असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. आणि ही कबुली पोकळ नव्हती. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. एका गावाने ते करून दाखवलं.

पण फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक आदेश दिला: ज्यांचे दावे फेटाळले गेले आहेत त्यांना वनजमिनीवरून काढा. देशभरातली लाखो कुटुंबं त्यात येत होती, महाराष्ट्रातलीही. आदेश १३ तारखेचा. दोन आठवड्यांनी, २८ तारखेला, न्यायालयानेच त्याला स्थगिती दिली. ते दोन आठवडे आमच्या पाड्यांवर कोणी नीट झोपलं नाही. पुढे २०२२ मध्ये वन संवर्धनाचे नवे नियम आले. आधी एखाद्या प्रकल्पाला जंगल देण्यापूर्वी ग्रामसभेची संमती पाहिली जायची. नव्या नियमांनी वनहक्कांची पूर्तता करण्याचं काम केंद्राच्या मंजुरीनंतर राज्यांवर टाकलं. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाने त्यावर हरकत घेतली. वनहक्कांना धक्का नाही, असं सरकार म्हणालं. त्याच्या पुढच्या वर्षी मूळ कायद्यातच दुरुस्ती झाली.

ही दुरुस्ती झाली कशी, तिथे जरा थांबते. २६ जुलै २०२३ रोजी लोकसभेत मणिपूरवरून गदारोळ चालू होता आणि त्या गोंगाटात विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालं. आवाजी मतदान म्हणजे अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावं, आणि आवाज ऐकून निकाल देतात. कोण काय म्हणालं याची नावं कुठेही लिहिली जात नाहीत. एखाद्या सदस्याने मतविभाजन मागितलं तर नावं नोंदवली जातात. मागितलं नाही, तर आपला खासदार काय बोलला, की काहीच बोलला नाही, हे आपल्याला कधीच कळत नाही. त्याला जाऊन विचारावं, तर तो पक्षादेशाकडे बोट दाखवतो. १९८५ पासून पक्षांतरबंदी आहे, पक्षादेश मोडून मत दिलं तर पद जाऊ शकतं. त्याची अडचण खोटी नाही. पण मतविभाजन मागायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.

म्हणजे प्रत्येकाला हात धुवायला पाणी आहे. मंत्री म्हणतो सभागृहाने केलं, सदस्य म्हणतो पक्षाने सांगितलं, पक्ष म्हणतो जनतेने निवडून दिलं, अधिकारी म्हणतो मी फक्त अंमल करतो. पिलाताने एकट्याने हात धुतले होते. इथे रांग लागली आहे, आणि रांगेच्या शेवटी ती बाई उभी. तिच्यापर्यंत पाणी उरत नाही. म्हणून ती म्हणते, मी चुकले.

गेल्या वर्षभर मी लेवीयाचं पुस्तक पुन्हा वाचते आहे. खरं सांगायचं तर ते पुस्तक आपण सगळेच घाईने उलटतो. चौथ्या अध्यायात नकळत झालेल्या पापासाठी अर्पणं सांगितली आहेत आणि ती सगळ्यांना सारखी नाहीत. अभिषिक्त याजकाची चूक झाली तर गोऱ्हा. सगळ्या मंडळीची झाली तरीही गोऱ्हा. अधिपतीची झाली तर बकरा. सामान्य माणसाची झाली तर बकरी किंवा मेंढी. पुढच्या अध्यायात, ऐपत नसेल तर दोन पाखरं, तेही जमत नसेल तर थोडंसं पीठ. दोष कोणालाच माफ नाही, पण ज्याच्या हातात जास्त त्याचं अर्पण जड. आणि पहिला नंबर राजाचा नाही, याजकाचा आहे. आमच्यासारख्यांचा.

मंडळीच्या गोऱ्ह्याबद्दल तिथे एक बारीक गोष्ट आहे. सगळ्यांच्या वतीने वडीलमंडळी पुढे येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. कोण 'होय' म्हणालं आणि कोण 'नाही', हे आधी शोधत बसत नाहीत. आणि हे करायचं कधी? पाप त्यांना कळून येईल तेव्हा. माहीत नव्हतं, ही सबब कळेपर्यंत चालते.

पाचव्या अध्यायाची सुरुवात मला सगळ्यात अवघड जाते. एखाद्याने पाहिलं आहे किंवा त्याला ठाऊक आहे, साक्ष देण्यासाठी जाहीरपणे बोलावलं आहे, आणि तो बोलला नाही, तर दोष त्याच्यावर.

ते विधेयक लोकसभेत मंजूर होण्याआधी संसदेच्या संयुक्त समितीकडे होतं. समितीने लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. मे महिना होता. जमिनीच्या प्रश्नावर काम करणाऱ्या एका कार्यकर्त्याने मला ती सूचना मोबाईलवर पाठवली आणि विचारलं, तुमच्या पाड्यांचे ठराव करून पाठवता का? मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. सुट्टीतली बायबल शाळा चालू होती, ऐंशी मुलं होती, स्वयंपाकाची बाई आजारी. नंतर पाहू, म्हटलं. मुदत गेली. आमच्या चार ठरावांनी विधेयक थांबलं असतं, असं मी म्हणत नाही. ते जसंच्या तसं पुढे गेलं, समितीने त्यात बदल सुचवला नाही. पण साक्षीला बोलावलं होतं आणि मला ठाऊक होतं.

तिने बटणाबद्दल विचारलं तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. म्हटलं, तुझ्या दाव्याचा नकार जुनाच आहे, तो या दुरुस्तीमुळे आलेला नाही, आणि बटणामुळे तर नाहीच. पण बोलायची वेळ होती तेव्हा मीही बोलले नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मुलांना त्या वेळी काय शिकवत होतीस?" मी म्हटलं, चांगल्या शोमरोन्याची गोष्ट. पुढे ती काही बोलली नाही, चुलीवरची भाकर उलटली.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येते. त्यांचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. नोट घेऊन मत देणं ही चूक आहे, आणि पाड्यावर आम्ही ते स्पष्ट बोलतो. मत विकलं तर विचारायचा हक्क गेला, असं मी स्वतः सांगते. त्यांना असमंजस मुलांसारखं वागवणं हाही अपमानच. पण तिची चूक पाखराएवढी आणि तिच्या डोक्यावर बैल, हा हिशोब कुठला? आणि मत फक्त तिनेच दिलं का? लोकसभेत ५४३ मतदारसंघ आहेत. आपण ज्यांना निवडून दिलं त्यांनीही त्या दिवशी 'होय' म्हटलं असेल किंवा गप्प बसले असतील. आपला सातबारा नावावर आहे, म्हणून उमेदवाराला वनहक्काबद्दल विचारावं असं आपल्याला वाटलं नाही. मी स्वतः कधी विचारलं नाही. रस्त्याचं विचारलं, दफनभूमीच्या भिंतीचं विचारलं.

लोक चुकीचं निवडतात तेव्हा काय करायचं, याचं एक उदाहरण शमुवेलाचं आहे. लोकांना राजा हवा होता. राजा तुमची शेतं घेईल, द्राक्षमळे घेईल, मुलं घेईल, असं त्याने बजावलं. ऐकलं नाही. राजा आला. मग शमुवेल, भोगा आता, असं म्हणून घरी गेला नाही. पहिल्या शमुवेलाचा बारावा अध्याय घरी वाचा. तुमच्यासाठी प्रार्थना करायचं मी सोडलं तर ते माझं पाप होईल, आणि योग्य मार्ग मी तुम्हाला शिकवत राहीन, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. चूक लोकांची होती, तरी काम त्याच्याकडे राहिलं.

तर काम सांगते. त्या बाईचं अपील जिल्हा समितीकडे गेलं आहे. उपग्रहाचं चित्र हा एकटाच पुरावा धरून दावा फेटाळता येत नाही, हा आमचा मुद्दा आहे. वाळवीतून वाचलेल्या सात पावत्या आणि दोन वृद्धांचे जबाब जोडले आहेत. त्या पाड्यावर असे आणखी अकरा दावे आहेत. आमच्याकडे जुने महसुली कागद वाचू शकणारा एकच माणूस आहे, निवृत्त लिपिक, आणि त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं आहे. आपल्या मंडळ्यांत निवृत्त तलाठी, लिपिक, वकील असतील तर त्यांनी जानेवारीत आठ दिवस आमच्याकडे यावं. राहायची सोय वसतिगृहात होईल. थंडी बरीच असते, पांघरूण आणावं.

दुसरं, ज्यांना आपल्या खासदारांना किंवा आमदारांना पत्र लिहायचं आहे, त्यांच्यासाठी मागच्या टेबलावर कोरे कागद ठेवले आहेत. छापील मजकूर मुद्दाम दिलेला नाही, आपल्या शब्दांत लिहा. कोणत्याही पक्षाचे असोत, एवढंच विचारा: जंगल-जमिनीचं विधेयक पुन्हा येईल तेव्हा मतविभाजन मागाल का? उत्तर आलं तर मला कळवा. नाही आलं तरी कळवा.

ते चहाचे गृहस्थ आज आले आहेत का, इथून मला दिसत नाही. आले असतील तर जेवणाच्या वेळी भेटूया. बिस्किट मी आधी संपवीन.