फिट येणाऱ्या लेकराशी बोला
(खडकवासला येथे केलेले भाषण)



तुमच्या गावाला धरणाचा शेजार. इथली पोरे पाण्याच्या कडेनेच वाढतात. म्हणून हा विषय इथे बोलायचा असे आम्ही ठरवले.

एका घरी आम्ही गेलो होतो. दहा वर्षांची मुलगी. तिला फिट येई. कुणी त्याला फेफरे म्हणतात, कुणी मिरगी. घरच्यांनी तिची शाळा बंद केली. पाण्याकडे जाणे बंद केले. का, ते तिला कुणी सांगितले नाही. आम्ही विचारले, "बाळ, तुला काय होतं गं?"

ती म्हणाली, "ठाऊक न्हाई. पर मी पडले की आई रडती. मग दादा आईवर ओरडत्यात. माझ्यामुळंच समदं व्हतं."

आईने पदर तोंडाला लावला. आजी म्हणाली, "अवो, बोलायचं कसं? पोरीचं लगीन व्हायचं हाय!"

झाकून काय झाले? पोरीला कळायचे ते कळलेच, पण उलटे कळले.

मेंदूचे काम विजेच्या बारीक लहरींवर चालते. त्या एकदम उसळल्या की फिट येते. ती बाहेरची बाधा नव्हे. उष्टे खाल्ल्याने लागत नाही. चप्पल, कांदा हुंगवू नका. तोंडात चमचा घालू नका. लेकराला कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. ५ मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा. गोळी रोज द्या. १० पैकी ७ जणांची फिट औषधाने थांबू शकते. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने गोळी सोडू नका.

आणि लग्नाचे म्हणाल, तर फिट येते म्हणून लग्न रद्द करता येईल, असे पूर्वी हिंदू विवाह कायद्यात होते. १९९९ साली ते काढून टाकले. पुण्याच्या यशोदा वाकणकर यांना लहानपणापासून फिट येत. त्यांनीच पुढे 'संवेदना' हा गट उभा केला. तिथे असे लोक आणि त्यांचे घरचे मोकळे बोलतात.

हे सारे आम्ही त्या घरी सांगितले. वडील बराच वेळ गप्प होते. मग पोरीला जवळ घेऊन म्हणाले, "तू पडतीस त्यात तुझी चूक न्हाई. पाण्यात फिट आली तर हाक मारायलाबी येळ मिळत न्हाई, म्हणून एकटीनं पाण्यात जायचं न्हाई."

"मंग कुणासंगं जाऊ?"

"माझ्यासंगं."

धाकटा भाऊ कोपऱ्यात बसून ऐकत होता. तो हळूच म्हणाला, "ताई मरणार न्हाई ना?" इतके दिवस ते पोर हेच पोटात घेऊन झोपत होते. कुणी त्याला विचारलेच नव्हते.