मधल्या सुटीत कुणाजवळ बसायचे?

(शालेय वर्षाच्या प्रारंभी झालेल्या पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित भाग)



जूनचा मध्य आला की आपल्या घराघरांत कोऱ्या वह्यांचा वास दरवळू लागतो. विदर्भात उन्हामुळे तो थोडा उशिरा येतो, एवढेच. या वासाशी आपल्या पिढीच्या आनंदाच्या आठवणी निगडित आहेत. परंतु ज्या मुलाची शाळाच बदलली आहे, त्याच्या मनात त्या दिवसांत काय चाललेले असते, याचा विचार आपण क्वचितच करतो. वडिलांची बदली झालेली असते, किंवा गावातील प्राथमिक शाळेची चौथी संपवून मूल तालुक्याच्या हायस्कुलात पाचवीला जाणार असते. आपण प्रवेश, गणवेश आणि रिक्षा यांची व्यवस्था करतो आणि आपले कर्तव्य संपले असे मानतो. मीही तसेच मानले होते. ती चूक आपणापुढे मांडावी, यासाठीच मी हे निमंत्रण स्वीकारले.

2011 साली आम्ही शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला राहावयास गेलो आणि माझ्या मुलीची शाळा बदलली. ती सहावीत होती. पहिल्या आठवड्यापासून रोज सकाळी तिच्या पोटात दुखू लागले. डॉक्टरांनी तपासले, काही निघाले नाही. मी निर्धास्त झालो आणि वर तिला सुनावलेही, ‘‘एवढ्याशा गोष्टीला काय घाबरायचे? आम्ही नाही शिकलो?’’ डबा मात्र रोज रिकामा येत होता, त्याचे आम्हांला समाधान होते. तिसऱ्या आठवड्यात माझ्या पत्नीने दप्तर धुवायला काढले, तेव्हा तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या वाळक्या पोळ्या सापडल्या. तिला जवळ घेऊन विचारले, तेव्हा ती इतकेच म्हणाली, ‘‘आई, मधल्या सुटीत कुणाजवळ बसायचं तेच मला कळत नाही.’’

अभ्यास, परीक्षा, शिक्षक यांतल्या कशाचीच तिला भीती नव्हती. चाळीस मुलींच्या वर्गात डबा उघडायला जवळचे असे एकही माणूस नव्हते, हे तिचे दुःख होते. मी पत्रकार, परगावच्या बातम्या मला तासाभरात कळत होत्या, आणि घरातली ही गोष्ट कळायला तीन आठवडे लागले.

लाजिरवाणी गोष्ट ही, की मी स्वतः हे सारे भोगले होते. 1980 साली वडिलांच्या बदलीमुळे मालवण तालुक्यातील खेड्यातून आम्ही साताऱ्याला आलो. वर्गात पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून ‘माका’ असा शब्द गेला आणि सारा वर्ग हसला. त्यानंतर कित्येक दिवस मी वर्गात तोंड उघडले नाही. मोठेपणी माणूस आपले बालपण विसरतो, ते असे.

पालकहो, मुलाचे पोट दुखते तेव्हा ते सोंग करीत असते, असा आपला समज असतो. मनाला धोका जाणवला की शरीर सावध होते, छातीची धडधड वाढते, पोटात कालवते, तळहातांना घाम येतो. ते दुखणे खरेच असते. फक्त त्याचे मूळ पोटात नसते. ही भित्रेपणाचीही खूण नव्हे. पुढे साऱ्या देशाला निर्भयतेचा पाठ देणारे गांधीजी राजकोटच्या शाळेत असताना इतके बुजरे होते, की शाळा सुटताच कुणाशी बोलावे लागू नये म्हणून धावत घर गाठत. कुणी आपली थट्टा करील याची त्यांना धास्ती वाटे. हे त्यांनी आत्मकथेत स्वतःच नमूद केले आहे. डॉ. अब्दुल कलाम रामेश्वरम सोडून रामनाथपुरमच्या श्वार्ट्झ हायस्कुलात शिकावयास गेले, तेव्हा घराच्या आठवणीने आणि आईच्या हातच्या गोड पोळ्यांच्या आठवणीने व्याकूळ होत. तेथे इयादुराई सॉलोमन नावाच्या शिक्षकांशी त्यांचा स्नेह जमला. त्या शिक्षकांचे ऋण कलामांनी जन्मभर मानले.

नव्या जागी आपले म्हणावे असे एक माणूस भेटले, की भीतीचे ओझे निम्मे होते. म्हणून आपण करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. शाळा सुरू होण्यापूर्वी एकदा मुलाला घेऊन तेथवर चालत जा. वर्ग, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह त्याला दाखवा. अनोळखी शाळेत स्वच्छतागृह कोठे आहे हे विचारायचाही मुलांना संकोच वाटतो. सुटी संपण्याच्या आठवडाभर आधीपासून लवकर निजण्याची सवय लावा. घाबरे वाटले तर नाकाने सावकाश श्वास घेऊन त्याहून सावकाश सोडावा, हे त्याच्यासोबत बसून पाचसहा वेळा करा. ताप नसेल तर मात्र शाळा बुडवू देऊ नका. एक दिवस टळला की दुसऱ्या दिवशी पाऊल अधिक जड होते. आणि संध्याकाळी ‘‘आज काय शिकवले?’’ हे विचारण्यापूर्वी ‘‘आज डबा कुणाबरोबर खाल्लास?’’ हे विचारा.

शिक्षक बंधुभगिनींनाही एक विनंती आहे. नव्या मुलाला पहिल्याच दिवशी वर्गापुढे उभे करून ओळख सांगायला लावू नका. त्याला एक शेजारी नेमून द्या, आणि त्याच्या बोलीला कुणी हसले तर तेथल्या तेथे थांबवा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेप्रमाणेच मुलाचा मानसिक छळही निषिद्ध ठरविला आहे. मग वर्गात होणाऱ्या चेष्टेकडे आपण डोळेझाक कशी करावी?

बहुतेक मुले काही आठवड्यांत रुळतात. महिना उलटूनही झोप, भूक, बोलणे पूर्ववत होत नसेल, तर मात्र वाट पाहू नका. 2022 पासून केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. मनाच्या दुखण्यासाठी सल्ला घेण्यात कमीपणा नाही.

माझ्या मुलीचे पुढे काय झाले, हे सांगून थांबतो. आम्ही वर्गशिक्षिकांना भेटलो. त्यांनी फार काही केले नाही. जवळच राहणाऱ्या एका मुलीला एवढेच सांगितले, ‘‘उद्यापासून हिला तुझ्याबरोबर डब्याला बोलव.’’ पोटदुखी आठवडाभरात थांबली. ती मैत्री आजही टिकून आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या मुलांची शाळा यंदा बदललेली नाही. त्यांना वाटेल, हे सारे आपल्यासाठी नव्हेच. वास्तविक ते सर्वाधिक त्यांच्याचसाठी आहे. आज घरी गेल्यावर आपल्या मुलाला विचारा, ‘‘तुझ्या वर्गात यंदा नवे कोण आले आहे?’’ आणि उद्याच्या डब्यात एक पोळी अधिक द्या.